भारताचा फोटो रंगीत की काळापांढरा?

माळावरचा
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज टाकतोच. रघुबीर सिंग हे नाव इथे किती जणांना माहीत आहे? मूळचे जयपूरचे, जन्म १९४२, वारले १९९९ मध्ये न्यूयॉर्कला. आख्खी हयात एकच काम केलं, भारत फिरायचा आणि रंगीत फोटो काढायचे. गंगा, कलकत्ता, राजस्थान, बनारस, मुंबई, ग्रँड ट्रंक रोड, एकेका जागेवर एकेक पुस्तक. त्यांनी सुरुवात केली तेव्हा गंभीर फोटोग्राफी म्हणजे काळीपांढरी असं जगभर धरून चालायचे, रंगीत म्हणजे जाहिराती नाहीतर कॅलेंडरं. न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियमने विल्यम एगल्स्टनचे रंगीत फोटो भिंतीवर लावले ते १९७६ साली, आणि तेव्हाही समीक्षकांनी झोडपून काढलं होतं. सिंगांचं गंगेवरचं पुस्तक १९७४ चं आहे!

'रिव्हर ऑफ कलर' (१९९८) च्या सुरुवातीच्या लेखात त्यांचा मुद्दा असा आहे की फोटोग्राफी इथे येण्याआधी भारतीय कलावंताने काळ्यापांढऱ्यात कधी पाहिलंच नाही. ती उदासी, ते एकटेपण पश्चिमेकडचं, आपल्याकडे रंग हा आतूनच येतो. मला हे शंभर टक्के पटतं. जेजुरीला सोमवतीला कृष्णधवल फोटो काढून बघा, भंडारा उधळलाय की धुकं पडलंय की गिरणीत पीठ उडतंय काही कळत नाही. जेजुरीतून पिवळा काढला तर ती जेजुरी उरते का?

तर प्रश्न असा की एखादी जागा, एखादा देश डॉक्युमेंटरी फोटोत खरा उतरवायचा तर रंग लागतोच का? माझं उत्तर हो. तुमचं सांगा.

रानवाटा
रुमाल टाकून ठेवतेय. रात्री सविस्तर लिहिते.

सदू_मास्तर
असहमत! डहाणू-तलासरी पट्ट्यात नोकरी झाली माझी त्यामुळे "भारतीय कलावंताने कधी पाहिलंच नाही" हे वाक्य घशाखाली उतरत नाही. वारल्यांचा लग्नाचा चौक बघितलाय का कोणी? शेणामातीने सारवलेला कुड, त्यावर गेरू आणि त्यावर फक्त तांदळाच्या पिठाचं पांढरं. दुसरा रंग नाही. बायका बांबूची काडी दाताने चावून तिचा कुंचला करतात आणि बसल्या बसल्या आख्खं रान, तारपा हे फुंकायचं वाद्य वाजवणारा, फेर धरलेली माणसं भिंतीवर उभी करतात. जिव्या सोमा म्हसेंना २०११ ला पद्मश्री मिळाली ती याच पांढऱ्या रेषेवर. आणि आपल्या आया दारात रोज सकाळी जी चार बोटांत रांगोळी सोडायच्या ती पांढरीच असायची, रंग भरायचे ते दिवाळीला.

त्यामुळे "भारत म्हणजे रंग" हे मला दरबारातून, लघुचित्रांतून बघितल्यासारखं वाटतं. रानातून बघितलं तर वेगळं दिसतं.

माळावरचा
मास्तर, मुद्दा जोरदार आहे, मान्य. पण गेरू हाही रंगच झाला ना? ती भिंत काळी नाहीये, तांबडी आहे. वारली चित्राची कृष्णधवल झेरॉक्स काढून पुस्तकात छापतात तेव्हा ते किती मेल्यासारखं दिसतं ते तुम्हीच बघितलं असेल.

सदू_मास्तर
हे मात्र खरं 😀 तांबड्याशिवाय पांढरं उठत नाही. पण वाद सोडणार नाही!

अंधारखोली
दोघांचंही वाचलं. मी जरा धंद्याच्या बाजूने सांगतो कारण इथे सगळे असं बोलतायत की फोटोग्राफरने सकाळी उठून ठरवलं आज रंगीत का साधा.

आमचा तालुक्याच्या गावी स्टुडिओ होता, वडिलांनी काढलेला, नंतर मी. त्या काळात परदेशी फिल्म आयातीच्या भानगडीमुळे एकतर मिळायची नाही नाहीतर परवडायची नाही. उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना होता, त्यांचा 'इंदू' ब्रँड, काळीपांढरी फिल्म आणि कागद. ते स्वतः धुता यायचं. डेव्हलपर आणि हायपो ही रसायनं, लाल दिवा आणि पाणी एवढं असलं की झालं. रंगीत रोल मोठ्या शहरात लॅबला पाठवावा लागायचा आणि येईपर्यंत गिऱ्हाईक चार चकरा मारायचं. सिंग वापरायचे ती कोडाक्रोम फिल्म तर त्याहून अवघड, तिचे रंग फिल्ममध्ये नसायचेच, धुताना घालावे लागायचे, ठरावीक लॅबशिवाय जगात कुठे धुताच यायची नाही. त्या काळातला देश काळापांढरा दिसतो यामागे तत्त्वज्ञान थोडं आणि खिसा जास्त.

पण माळावरचा यांच्या बाजूची एक गोष्ट सांगतो. साधा फोटो काढला तरी लोकांना रंग हवाच असायचा. लग्नाच्या जोडप्याचा फोटो हाताने रंगवून द्यायचो आम्ही, कापसाच्या बोळ्याने गालावर गुलाबी आणि बारीक ब्रशने दागिन्यांवर पिवळा. निगेटिव्हच्या पाकिटावर पेन्सिलीने लिहून घ्यायचो, "शालू मोरपंखी, काठ लाल, मण्यांचा हार नाही सोन्याचा दाखवणे". हो, नसलेलं सोनंही रंगवून द्यायचो! बाई सांगायची, "दादा, पाटल्या जरा जाड करा." त्या फोटोत खरं किती आणि मनातलं किती ते तुम्ही ठरवा, पण घरच्या भिंतीवर तोच लागायचा.

चिन्मयी_के
अंधारखोली काका, "पाटल्या जरा जाड करा" 🙏🙏 काय सुंदर. वाचनखूण साठवली.

मूळ प्रश्नाबद्दल. मला वाटतं याचं उत्तर भोपाळमध्ये शोधायला हवं कारण तिथे एकच दृश्य दोन्ही प्रकारे टिपलं गेलंय. डिसेंबर १९८४, युनियन कार्बाइडची वायुगळती, त्यानंतर एका अनोळखी लहान मुलाचं दफन. रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू, दोघांनीही तो चेहरा टिपला. राय यांचा कृष्णधवल, बार्थोलोम्यूंचा रंगीत. रंगीतला १९८४ चा वर्ल्ड प्रेस फोटो ऑफ द इयर मिळाला. त्या मुलाचं नाव आजही कोणाला ठाऊक नाही.

मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघितलेत आणि ते सोपं नाहीये, आधीच सांगते. कृष्णधवलमध्ये माती आणि चेहरा एकाच करड्या रंगाचे होतात, मूल मातीतच मिसळत चाललंय असं दिसतं, ते कुठल्याही देशातलं, कुठल्याही आपत्तीतलं असू शकतं. रंगीतमध्ये तसं होत नाही. माती मातीच्या रंगाची, कातडी कातडीच्या रंगाची, आणि डोळ्यांवर जी साय आलीय ती दिसते. तिथे "कुठलंही मूल" म्हणायची सोय राहत नाही. ते भोपाळचं मूल आहे आणि त्याला कोणीतरी मारलंय. मला रंगीत जास्त खरा वाटतो आणि म्हणूनच तो बघवत नाही.

मीनल७९
चिन्मयी, वाचून थांबले काही वेळ.

मला नेहमी राग येतो तो याचा की गरिबी आणि दुःख कृष्णधवल, आणि सण आणि पर्यटन रंगीत, अशी वाटणी कोणी करून दिली? सुनील जाना यांचे १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे फोटो काळेपांढरे आहेत कारण तेव्हा वर्तमानपत्रात तेच छापता यायचं. (जानांचा मुंबईशी संबंध आहे बरं का, कम्युनिस्ट पक्षाच्या सँडहर्स्ट रोडवरच्या कम्यूनमध्ये राहून काम केलंय त्यांनी, तेव्हाचे पक्षाचे सरचिटणीस पी. सी. जोशींनी त्यांना या कामात ओढलं.) पण आज मोबाईलमध्ये रंगीत निघालेला झोपडपट्टीचा फोटो मुद्दाम काळापांढरा करून टाकतात तेव्हा त्या माणसांच्या अंगावरचे कपडे, घराला मारलेला निळा रंग, दारातली डब्यातली तुळस हे सगळं हिरावून घेतात. ज्याने हौसेने घराला निळा मारलाय त्याच्या हौसेचं काय?

गिरणगावकर
मीनलताई, भावना पोचली पण एक उदाहरण तुमच्या विरुद्ध ठेवतो. सुधारक ओलवे. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, २०१६ ला पद्मश्री. गटारात गळ्यापर्यंत उतरलेला माणूस, कचऱ्याच्या गाडीत उभी असलेली माणसं, सगळं कृष्णधवल. आता हेच रंगीत असतं तर? माझ्या घरासमोर कचराकुंडी आहे, रोज बघतो. निळ्या पिशव्या, लाल झाकणं, वेफर्सची चकचकीत पाकिटं, डोळा तिकडेच जातो. रंगीत फोटोत कचरा जिंकतो. ओलवेंच्या फोटोत डोळा थेट माणसाच्या तोंडावर जातो आणि ते तोंड तुमच्याकडे बघत असतं. त्यांनी हौस हिरावली नाही, आपण रोज ज्यांच्या अंगावरून नजर फिरवून जातो त्यांच्यावर ती टेकवायला लावली.

आणि ज्या जातीच्या माणसांना हे काम पिढ्यान्पिढ्या करावं लागलं त्यांच्याशिवाय "मुंबईची ओळख" म्हणून जे काही दाखवतात, ती टॅक्सी आणि तो गेटवे, ते मला अर्धवटच वाटतं.

मीनल७९
डोळा कुठे जातो हा मुद्दा पटला. "कचरा जिंकतो" हे तर लक्षात राहील. पण मग रंग वापरून डोळा माणसाकडे नेणं हे फोटोग्राफरचं कौशल्य नाही का? सिंगांचा हावड्याचा फोटो बघा, १९९१ चा, फुटपाथवरचं आरशांचं दुकान. आरशाआरशांतून रस्ता, माणसं आणि वाहनं दिसतात. रंगांची एवढी गर्दी आहे तरी डोळा हरवत नाही. किंवा १९६७ चा मुंगेरचा, पावसात अंगाला अंग लावून उभ्या राहिलेल्या चार बायका, लुगडी भिजून चिकटलेली. तिथे रंग ओरडत नाहीत, भिजून गप्प झालेत.

दूरदेशी
काही वर्षं जोहान्सबर्गला नोकरीला होतो म्हणून लिहितोय. हा प्रश्न तिकडे फोटोग्राफर डेव्हिड गोल्डब्लाट यांना आयुष्यभर विचारला गेला. रँडफोंटेन या खाणीच्या गावचे, १९३० चा जन्म, २०१८ ला गेले. वर्णभेदाच्या आख्ख्या काळात त्यांनी आपलं स्वतःचं काम काळ्यापांढऱ्यातच केलं. त्यांचं म्हणणं, जो राग आणि जी किळस मनात होती तिच्यासाठी रंग फार गोड पडतो. वर्णभेद संपल्यावर नव्वदच्या दशकाच्या अखेरीला मात्र रंगीत काम सुरू केलं. देश बदलला तसं माध्यम बदललं!

गंमत अशी की त्यांच्या फोटोंत दंगल, गोळीबार फारसा नाहीच. बोक्सबर्ग नावाच्या गोऱ्यांच्या उपनगरातली हिरवळ कापणारी माणसं, चर्च, नाचाचे वर्ग. सगळं नीटनेटकं, आणि ते नीटनेटकं कशावर उभंय ते तुम्हाला आपोआप कळतं. दुसरं काम क्वांडेबेले या काळ्यांसाठी वेगळ्या काढलेल्या प्रदेशातून सुटणाऱ्या बसचं. काळ्या मजुरांना शहरात राहायची बंदी, त्यामुळे पहाटे पावणेतीनला पहिली बस धरून प्रिटोरियाला कामावर यायचं आणि रात्री परत. बसच्या अंधारात माणसं एकमेकांच्या खांद्यावर, घोंगडीत डोकं खुपसून झोपलेली. १९८३-८४ चे फोटो आहेत, पुस्तक झालं १९८९ ला. मी कसाऱ्याहून लोकलने अप-डाऊन केलेला माणूस आहे, ती झोप मला ओळखू आली. पण आपल्याला कायद्याने कसाऱ्याला राहायला लावलं नव्हतं एवढा फरक आहे, आणि तो लहान नाही.

तर माळावरचा, तुमच्या प्रश्नाला गोल्डब्लाट यांचं उत्तर असं निघतं की त्या जागेबद्दल तुम्हाला काय वाटतंय यावर रंग ठरतो. जागेवर नाही.

पल्याडची_मैना
दूरदेशींचा प्रतिसाद वाचून रॉबर्ट फ्रँक आठवलाच पाहिजे. स्वित्झर्लंडचा माणूस, १९४७ ला अमेरिकेत आला, १९५५ ला गुगेनहाइम फेलोशिप मिळाली आणि जुनी गाडी घेऊन आख्खा देश पालथा घातला. हजारो फोटोंतून निवडले फक्त ८३. पुस्तक आधी पॅरिसला निघालं, १९५८ मध्ये, अमेरिकेत १९५९ ला, आणि इथल्या लोकांना ते अजिबात आवडलं नाही. आमचा देश असा नाहीच म्हणाले! मुखपृष्ठावर न्यू ऑर्लिन्सची ट्रॉली आहे, खिडक्यांच्या चौकटीत पुढे गोरे, मागे काळे. तो फोटो काढल्यानंतर थोड्याच दिवसांत, १ डिसेंबर १९५५ ला, गोऱ्या माणसासाठी बसमधली जागा सोडायला नकार दिला म्हणून रोझा पार्क्स या काळ्या बाईंना अटक झाली. आर्कान्सामध्ये फ्रँकलाही पोलिसांनी पकडून काही तास डांबलं होतं, का, तर परका दिसतो आणि गाडीत कॅमेरे आहेत.

मी न्यू जर्सीत इतकी वर्षं राहते, मला प्रश्न पडतो की रंगापेक्षा "काढणारा कोण" हे जास्त महत्त्वाचं नाही का? त्या ट्रॉलीत रोज बसणाऱ्याला ते दिसत नव्हतं, पाहुण्याला दिसलं.

वाडीवस्ती
पाहुण्याला दिसतं हे काही खरं नाही मैनाताई. आमच्याकडे या आषाढी वारीत, दिवे घाटात. सासवडच्या वाटेवर डोंगराच्या उतारावर कॅमेरेवाल्यांची रांग लागते, सगळे एकाच वळणाकडे रोखून. पालखी आली की सगळ्यांचा एकच फोटो निघतो, भगव्या पताका आणि पांढऱ्या टोप्यांचा नागमोडी पट्टा. आता तर ड्रोन. फोटो छान येतात, नाही कोण म्हणतंय. पण त्या पट्ट्यात माझी आत्या चालत असते, तिच्या पायाला चिंध्या बांधलेल्या असतात, आणि रात्री शाळेच्या पडवीत झोपायला जागा धरायला ती दिंडीच्या ट्रकमागे धावते. तो फोटो कोणाकडे नाही. त्याला रंगीत काढा नाहीतर काळा, आधी खाली उतरा.

रानवाटा
आले परत. वाडीवस्ती, तुमच्या "आधी खाली उतरा" ला कडक सलाम.

काढणारा/काढणारी कोण यावरून, होमाई व्यारावालांचं नाव अजून कसं आलं नाही? नवसारीला १९१३ चा जन्म, मुंबईच्या जे. जे. त शिकल्या, सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून यायचे. टोपणनाव 'डालडा १३', गाडीचा नंबर डीएलडी १३ होता म्हणून. १६ ऑगस्ट १९४७ ला लाल किल्ल्यावर पहिल्यांदा झेंडा चढला (हो, सोळा, लाल किल्ल्यावरचा कार्यक्रम पंधराला नव्हता) तो त्यांनी टिपलाय. देशाचा जन्म आपण ज्या फोटोंतून बघतो त्यातले कितीतरी एका पारशी बाईने साडी नेसून, जड कॅमेरा खांद्याला लावून, पुरुषांच्या घोळक्यात काढलेले आहेत. आणि १९७० ला त्यांनी कॅमेरा खाली ठेवला तो कायमचा. २०११ ला पद्मविभूषण.

ते सगळे फोटो काळेपांढरे. त्यामुळे माझ्या डोक्यात तिरंगासुद्धा आधी काळापांढराच येतो. शाळेच्या पुस्तकात तसाच होता. हे मला जरा अस्वस्थ करतं. त्या दिवशी दिल्लीत आकाशाचा रंग काय होता?

माळावरचा
रानवाटा, हेच हेच! हेच मला म्हणायचं होतं आणि नीट म्हणता येत नव्हतं. दूरदेशींचं गोल्डब्लाट प्रकरण मोठं आहे, त्यावर विचार करतोय. पण मी रंगाच्या बाजूनेच आहे. काळ्यापांढऱ्यात देश लगेच जुना होतो, इतिहास होऊन बसतो. काल काढलेला एसटी स्टँडचा फोटो कृष्णधवल केला की तो १९६२ चा वाटतो आणि आपण हळवे होतो. लाल बस, फलाटावरची पिचकारी, उसाच्या रसाच्या गाड्यावरचा हिरवट फेस, हे असलं की तो आजचा राहतो आणि मग त्या स्टँडवर बायकांसाठी स्वच्छतागृह का नाही हे विचारता येतं.

अवांतर: अंधारखोली काका, तुमच्या स्टुडिओच्या निगेटिव्हचं काय झालं? ती पेन्सिलीने लिहिलेली पाकिटं आहेत का अजून?

अंधारखोली
बऱ्याच गेल्या. निगेटिव्हमध्ये चांदी असते, ती काढणारे लोक यायचे, किलोवर द्यायचो. सगळेच स्टुडिओवाले द्यायचे, जागा कुठे होती. उरलेल्या माळ्यावर तीन पत्र्याच्या ट्रंकांत आहेत. पाकिटं बहुतेक आहेत. लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो, १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायकांचे वडिलांनी काढलेले काही, ते कोणी सांगितले म्हणून काढले माहीत नाही, गिऱ्हाईकाचं नाव नाही त्यावर. मयताचेही आहेत, गावात माणूस गेला की शेवटचा फोटो काढायला बोलवायचे. रंगीत निगेटिव्ह नंतरच्या आहेत, त्यांचे जुने प्रिंट आता लालसर पडलेत, माणसं सगळी तांबडी दिसतात. काळेपांढरे नीट धुतलेले अजून ठणठणीत.

गिरणगावकर
काका!! खडी फोडणाऱ्या बायकांचे फोटो?? ते ट्रंकेत ठेवायची गोष्ट आहे का? आपण वरती जगभरचे फोटोग्राफर काढून भांडतोय आणि तुमच्या माळ्यावर आख्खा तालुका पडलाय.

चिन्मयी_के
+१००. काका, पत्र्याच्या ट्रंकेत पावसाळ्यात दमट हवा कोंडते, बुरशी धरते. मी एका संग्रहालयात या कामात मदत केलीय म्हणून सांगते. निगेटिव्ह आधी प्लास्टिकच्या पिशव्यांतून बाहेर काढा, आम्लरहित कागदाच्या पाकिटात एकेक ठेवा, कडेला धरून, बोटं फिल्मवर लावायची नाहीत. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल त्या लगेच बाजूला करा, तो वास दुसऱ्यांनाही लागतो. जुनी पाकिटं टाकू नका, पेन्सिलीचा मजकूर हा फोटोइतकाच मोलाचा आहे, त्याचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आणि पुसायला ओला फडका अजिबात नको.

वाडीवस्ती
आणि नावं! गावातल्या म्हाताऱ्या माणसांना दाखवून नावं लिहून घ्या. ती माणसं आहेत तोवरच होणार हे. खडीच्या कामावर माझी आजी होती, आमच्याकडचं पाझर तलावाचं काम. काका, तुमचा तालुका कुठला?

अंधारखोली
व्यक्तिगत निरोप केलाय वाडीवस्ती. बहुतेक तुमच्या शेजारचाच.

रानवाटा
माझ्याकडे स्कॅनर आहे, निगेटिव्हचा. काका, दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की आम्ही दोघं-तिघं आलो तर चालेल का? एका ट्रंकेपासून सुरुवात करू, आधी त्या १९७२ च्या.

अंधारखोली
या की. राहायची सोय होईल, स्टुडिओची खोली रिकामीच आहे. येताना ती कागदाची पाकिटं घेऊन या, इथे मिळायची नाहीत.